जमेची बाजू : परगावी गेलेल्या निर्धनांच्या आत्मकथनांचा विचार

१

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. खेड्यातला कोणी एक तरुण जवळ जेमतेम गाडीभाड्यापुरते पैसे घेऊन, कित्येकदा तेही नसताना, दूरच्या शहराची वाट धरतो. त्या शहरी त्याचे स्वतःचे घर नसते, मिळकत नसते, आणि पुढील महिन्याची तरतूद तर नसतेच. तरीही तो तेथे राहतो, शिकतो किंवा कामास लागतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्या दिवसांचा हिशेब लिहून काढतो. या हिशेबात आणे-पै असतात, पायी तुडवलेले कोस असतात, उपाशी काढलेल्या रात्री असतात. मराठी समीक्षेने अशा प्रकरणांचा गौरव केला आहे. परंतु तो करताना तिने बहुधा तीनच शब्द वापरले आहेत : साधेपणा, त्याग आणि जिद्द. तिन्ही शब्द एका व्यक्तीच्या स्वभावाचे वर्णन करतात. शहर, घर, अन्न शिजवणारे हात, ओळखीची चिठ्ठी, जातीची पंगत यांपैकी कशाचाही त्या शब्दांत समावेश होत नाही.

कोणत्याही जमाखर्चाला दोन बाजू असतात. निर्धनाच्या स्थलांतराची कथा वाचताना समीक्षेने खर्चाची बाजू बारकाईने वाचली आणि जमेची बाजू वाचलीच नाही, असे म्हणावे लागते. थोड्या पैशांत दूरच्या शहरी टिकून राहता येते याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, उरलेली रक्कम दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते. कधी ती धान्याच्या रूपाने भरली जाते, कधी श्रमाच्या, कधी जागेच्या. ती कोणी भरली, आणि निवेदकाच्या वाक्यरचनेत त्या देणाऱ्याला कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. कारण त्याचे उत्तर लेखकाच्या हेतूपेक्षा त्याच्या वाक्यांत सापडते. काही परिचित ग्रंथांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

२

आरंभ भाषेपासूनच करणे इष्ट. गरीब विद्यार्थ्याच्या शहरवासाचे वर्णन करण्यासाठी मराठीत एक वाक्प्रचार रूढ होता : वार लावून जेवणे. आठवड्याचे सात वार सात घरी ठरवावयाचे आणि ज्या दिवशी ज्या घरचा वार असेल तेथे जेवावयाचे, अशी ही पद्धत. ‘त्याने सात घरी वार लावून शिक्षण पूर्ण केले’ या वाक्याची रचना पाहिली तर कर्ता विद्यार्थी आहे, क्रिया पूर्ण करण्याची आहे, कर्म शिक्षण आहे. आणि ज्या घरांनी वर्षानुवर्षे अन्न दिले ती घरे ‘घरी’ या स्थलवाचक पदात सामावली आहेत. अन्न शिजवणारी व्यक्ती तर वाक्यात कोठेच नाही. माधुकरी मागण्याचेही तसेच. ‘पाच घरी माधुकरी मागितली’ या वाक्यात मागणारा दिसतो, वाढणारी दिसत नाही.

देणाऱ्याला कर्तेपद देण्याची सोय मराठीस नाही, अशातला भाग नाही. जेवणे या क्रियापदाशेजारीच जेवू घालणे आहे. राहणे याच्याशेजारी ठेवून घेणे आहे. पोहोचणे याच्याशेजारी पोहोचवणे आहे. प्रत्येक जोडीतील पहिले क्रियापद घेणाऱ्यास वाक्याच्या अग्रभागी आणते, दुसरे देणाऱ्यास. ‘मी त्यांच्याकडे राहिलो’ आणि ‘त्यांनी मला ठेवून घेतले’ ही दोन वाक्ये एकाच वस्तुस्थितीची आहेत, पण त्यांतील कृतज्ञतेचे आणि कर्तृत्वाचे वाटप भिन्न आहे. आत्मकथन करणारा लेखक पानोपानी या दोहोंपैकी एकाची निवड करीत असतो. बहुधा ती जाणूनबुजून केलेली नसते, आणि म्हणूनच ती अधिक विश्वसनीय साक्ष ठरते.

दुसरी एक लहानशी गोष्ट शब्दयोगी अव्ययांची. ‘मुंबईत राहतो’ आणि ‘मामांकडे राहतो’ यांतील ‘त’ हा प्रत्यय स्थल दाखवतो, ‘कडे’ हे अव्यय आश्रय दाखवते. परगावी आलेल्या माणसास मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोठे उतरलात?’ असा क्वचित्, ‘कोणाकडे उतरलात?’ असा प्रायः. या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे : परक्या शहरातही प्रत्येकाचे कोणीतरी असतेच. ज्याच्या उत्तरात ‘कडे’ येऊ शकत नाही त्याच्या शहरवासाची किंमत वेगळी, आणि ती केवळ पैशांत मोजता येत नाही.

३

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) हा या प्रकारच्या लेखनाचा आदर्श समजला जातो. दापोली तालुक्यातील मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास जातो आणि वय लहान दिसते या कारणावरून त्यास परीक्षेस बसू दिले जात नाही, हा प्रसंग शालेय पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांस ठाऊक आहे. पुढे मुंबईत शिकवण्या करून त्याने शिक्षण केले आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन तो पदवीधर झाला. हे सर्व निवेदन संथ, निरलंकार, जवळजवळ कोरडे आहे. खर्चाची नोंद चोख आहे. अल्प मिळकतीतूनही सार्वजनिक कार्यासाठी काही भाग बाजूस काढण्याचा नियम आहे, आणि १८८६ मध्ये गावासाठी उभारलेल्या मुरूड फंडात त्या नियमाचे फळ दिसते.

कर्व्यांच्या गद्याची ही शिस्त खरी आहे आणि तिचा गौरव योग्य आहे. तथापि मुंबईतील त्यांचे वास्तव्य एकाकी नव्हते. मित्र नरहरपंत जोशी यांच्यासमवेत एकत्र बिऱ्हाड करणे हा त्या काळच्या कोकणी तरुणांचा काटकसरीचा मार्ग त्यांनीही अनुसरला होता. बिऱ्हाड एकत्र केले की भाडे अर्धे होते. परंतु स्वयंपाक अर्धा होत नाही, तो वाढतो. याच बिऱ्हाडात नरहरपंतांची बालविधवा बहीण येऊन राहिली. तीच १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी झाली, आणि १८९३ मध्ये कर्व्यांशी विवाह होऊन आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नावाने ओळखली जाऊ लागली.

बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) हे आत्मकथन ‘आत्मवृत्ता’शेजारी ठेवून वाचले पाहिजे. दोन्ही ग्रंथांतील काळ पुष्कळसा एक, माणसे पुष्कळशी एक, परंतु हिशेब निराळे. ‘आत्मवृत्ता’त जो पैसा सत्कार्यास दिला जातो, तो घरातून वजा झाल्यावर घर कसे चालवावे, ही चिंता ‘माझे पुराण’मध्ये बोलते. तिचा सूर तक्रारीचा वाटला तरी तो वस्तुतः हिशेबनिसाचा आहे : एका वहीत जो त्याग म्हणून नोंदला गेला, त्याची दुसऱ्या वहीत तूट म्हणून नोंद आहे. समीक्षेने यांपैकी पहिल्या ग्रंथास चारित्र्यग्रंथाचा मान दिला आणि दुसऱ्याकडे ठसकेबाज बोलीचा व घरगुती आठवणींचा नमुना म्हणून पाहिले. दोहोंना एकाच जमाखर्चाची दोन पृष्ठे मानले असते, तर साधेपणा ही एका पुरुषाची नैतिक संपत्ती न ठरता एका कुटुंबाची, आणि त्यातही विशेषतः स्त्रीची, श्रमव्यवस्था ठरली असती.

४

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) हे या विषयाच्या दृष्टीने याहूनही विलक्षण पुस्तक आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेला हा तरुण बुद्धाच्या धर्माचे मूळ ज्ञान मिळवावे या एकाच ध्यासाने १८९९ च्या अखेरीस घर सोडतो. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट, तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर या मार्गाने काशी, काशीहून १९०२ मध्ये नेपाळ, मग बोधगया, कलकत्ता आणि त्याच वर्षी सिलोनमधील विद्योदय परिवेण, असा हा प्रवास आहे. नियमित उत्पन्न नसलेल्या माणसाने अडीच-तीन वर्षांत केलेली ही भ्रमंती कोणासही थक्क करील.

असे असूनही ‘निवेदन’ वीरकथा होत नाही, हे त्याचे मोठे वाङ्मयीन यश आहे. कोसंबी आपल्या धैर्याइतकीच आपली निराशाही सांगतात, आणि मुख्य म्हणजे वाटेत भेटलेल्या माणसांची नावे सांगतात. कोणी राहावयास जागा दिली, कोणी चिठ्ठी दिली, कोणी पुढच्या गावचा पत्ता दिला, हे ते विसरत नाहीत. त्यामुळे वाचकास हळूहळू कळू लागते की, हा प्रवास रेल्वेच्या रुळांवरून जितका झाला तितकाच तो ओळखींच्या एका साखळीवरून झाला. मध्य हिंदुस्थानातील मराठी संस्थाने, तेथील महाराष्ट्रीय अधिकारी व शास्त्री, प्रार्थनासमाजाची मंडळी, काशीतील अन्नछत्रे आणि शेवटी बौद्ध विहार ही त्या साखळीची कडी होत. काशीत पैशाविना संस्कृत व्याकरण शिकता येत असे, कारण विद्या गुरूच्या घरी मिळे आणि अन्न छत्रात.

येथेच जमेच्या बाजूचा दुसरा पैलू दिसतो. काशीतील अशा अन्नछत्रांची पंगत मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी असे. ज्या शहरात एकास फुकट जेवता येत होते, त्याच शहरात दुसऱ्यास तितकेच ज्ञान मिळवण्यासाठी अन्नाची किंमत मोजावी लागली असती, आणि ती मोजूनही गुरूचे दार उघडले नसते. कोसंबींच्या जिद्दीचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु जिद्द ही प्रवासाची पुरेशी अट होती, असे म्हणण्याचा अधिकार समीक्षेस राहत नाही.

आणखी एक नोंद त्या घरातून निघण्याच्या क्षणाची. निघताना कोसंबींच्या मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. मराठीतील राहणे या क्रियापदाचे दोन अर्थ येथे समोरासमोर येतात : वस्ती करणे आणि मागे उरणे. जो जातो तो दूरच्या शहरी राहतो. जी जात नाही ती गावी राहते. क्रियापद एक, परंतु एकाच्या बाबतीत ते आत्मचरित्राचा विषय होते, दुसरीच्या बाबतीत त्या आत्मचरित्राची किंमत. पुढे बडोदे संस्थानाकडून कोसंबींना दरमहा ५० रुपये मिळू लागले आणि त्यांच्या महाराष्ट्रातील कार्यास स्थैर्य आले. मधल्या वर्षांचा घरचा जमाखर्च मात्र अलिखितच आहे.

५

आतापर्यंत पाहिलेल्या उदाहरणांत पैसा नव्हता, पण ‘कडे’ होते. याच्या नेमकी उलट स्थिती दाखवणारा एक प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आत्मकथनात नोंदवला आहे. ते मराठी पुस्तक नव्हे. परंतु मराठी आत्मकथनांच्या विचारात त्यास वगळणे म्हणजे विषयाचे अर्धे अंग वगळणे होय.

बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आणि नंतर इंग्लंडमध्ये अध्ययन करून आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानाच्या सेवेत रुजू होण्यासाठी बडोद्यास आले. शिक्षण होते, पद होते, पगार ठरलेला होता. उतरावयास जागा नव्हती. अखेर एका पारशी विश्रामगृहात त्यांना पारशी नाव धारण करून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून निघण्यास भाग पाडले. त्यांनी ओळखीच्या दोघांकडे, एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे, आश्रयासाठी विचारणा केली. दोघांकडूनही जागा मिळाली नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले.

या निवेदनाची भाषा कमालीची संयत आहे. त्यात एक बारीक तपशील आहे, आणि तो प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती मित्राने आपल्या पत्नीस विचारून सांगतो असे उत्तर दिले. धर्मांतरापूर्वी ते कुटुंब ब्राह्मण होते, आणि पती उदार झाला तरी पत्नी जुन्या आचारास धरून होती, असे आंबेडकरांच्या ध्यानात आले. वार लावून जेवणाऱ्याच्या वाक्यात अन्न देणारी स्त्री कर्ती होत नाही, हे वर पाहिले. येथे गृहिणीचा उल्लेख होतो तो नकाराचे कारण म्हणून. देताना ती अदृश्य असते, नाकारताना दृश्य होते. घराचे दार कोणासाठी उघडावे हा निर्णय जातिव्यवस्थेचा; पण त्याचे उच्चारण गृहिणीच्या मुखातून किंवा तिच्या नावाने करण्याची सोय पुरुषांनी करून ठेवली होती, असा याचा अर्थ लावता येतो.

खासगी घरांच्या आश्रयावर उभी असलेली ही व्यवस्था मूठभरांनाच उपयोगी पडते, हे ज्यांनी ओळखले त्यांनी वसतिगृहे काढली. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि पुढील वर्षांत निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी तशाच संस्था निघाल्या. १९०८ मधील मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी होते. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. तेथील मुले आरंभी माधुकरीवर शिकत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने मोडले गेले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. लक्ष्मीबाईंचे नाव येथे उरले याचे कारण तो अपवादात्मक त्याग होता. रोजची भाकरी मोजली जात नाही. दागिना मोजला जातो.

६

विद्यार्थ्यांच्या या लहान प्रवाहाशेजारून मुंबईकडे कामकऱ्यांचा फार मोठा प्रवाह वाहत होता. १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी उभारण्याचा उद्योग सुरू झाला, आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटमाथा येथून हजारो माणसे गिरणगावात आली. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाल्यावर शहरातील पगार गावात पोहोचण्याचा मार्ग सोपा झाला. मनीऑर्डरवर जगणारे कोकण हा वाक्प्रचार त्यातूनच पडला. या माणसांनी शहरवासाची किंमत कमी करण्यासाठी स्वतःच्या संस्था निर्माण केल्या. एका गावच्या दहावीस जणांनी मिळून घेतलेली गावकीची खोली ही त्यांपैकी एक. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने चालवलेली कूड ही तिचीच बहीण. तेथे प्रत्येकाची एक पेटी, झोपण्यापुरती जागा, एक वेदी आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना असे.

या माणसांच्या बोलीत घर आणि खोली यांचा भेद काटेकोर असतो. घर गावाला, खोली मुंबईला. तीस वर्षे खोलीत काढूनही तिला घर म्हटले जात नाही. या शब्दयोजनेमागे एक आर्थिक सत्य आहे. पुरुषाच्या मजुरीत कुटुंब शहरात पोसणे शक्य नव्हते. म्हणून मुलांचे संगोपन, म्हाताऱ्यांची सेवा आणि आजारपणातील आसरा यांचा खर्च गावातील घराने, म्हणजे तेथे राहिलेल्या स्त्रीने, उचलला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या रचनेच्या शीर्षकातच राहणे हे क्रियापद मागे उरण्याच्या अर्थाने येते, आणि त्याची कर्ती स्त्री आहे. वाटेगावाहून कुटुंबासमवेत पायी मुंबईस आलेल्या या कवीने ती रचना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात केली. पोटासाठी शहर गाठलेल्या पुरुषाचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचा विरह ही दोन्ही एकाच प्रतिमेत आणण्याचे तिचे सामर्थ्य वाखाणले गेले आहे. परंतु त्या राजकीय रूपकाचे बळ कशात आहे, हे पाहिले पाहिजे. श्रोत्यांपैकी असंख्य कामगारांच्या जमाखर्चात गावी राहिलेली मैना ही प्रत्यक्ष नोंद होती, म्हणून रूपक पेलले.

खोलीत राहणाऱ्या एकट्या पुरुषांस जेवू घालणारी खाणावळवाली ही गिरणगावाची आणखी एक न नोंदलेली भागीदार. १९७३ च्या गिरणी संपात कामगारांना उधारीवर जेवण देत राहिलेल्या या स्त्रियांचे हाल पाहून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. संपाचा इतिहास पुढाऱ्यांच्या आणि संघटनांच्या नावांनी लिहिला जातो. तो चुलीवरच्या उधारीवरही तगला, हे मंडळाच्या स्थापनेमुळे नोंदीत आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, तेव्हा खोल्यांबरोबर खाणावळीही ओसरल्या.

या पार्श्वभूमीवर दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाचे वाङ्मयीन वैशिष्ट्य निराळ्या रीतीने ध्यानात येते. त्यातील मुंबई म्हणजे कावाखाना : नगर जिल्ह्यातील गावांतून आलेल्या महार कुटुंबांची दाटीवाटीची वस्ती. येथेही नातेवाईकांचा आश्रय आहे, ‘कडे’ आहे. पण ज्याच्याकडे उतरावयाचे तोच दारिद्र्यात आहे. त्यामुळे आश्रय कोठून आला हे लपत नाही. रस्त्यावरच्या चिंध्या आणि कागद वेचणाऱ्या बाया, गोदीत राबणारा बाप, मुलासाठी खस्ता खाणारी आई ही माणसे निवेदकाच्या चरित्राची पार्श्वभूमी म्हणून उभी नाहीत. ती वाक्यांची कर्ती आहेत. ‘बलुतं’ने मराठी आत्मकथनात काय आणले, याचे उत्तर देताना विदारक अनुभव, बोलीभाषा आणि बंडखोरी यांचा निर्देश होतो, तो योग्यच आहे. त्यांत एक भर घातली पाहिजे : निर्धनाच्या हिशेबातील जमेची बाजू येथे उघडपणे लिहिली गेली. राबणारी स्त्री स्थलवाचक पदातून बाहेर पडून कर्तेपदी आली.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, हा समाजशास्त्राचा विषय झाला. आत्मचरित्र वाचताना वाङ्मयीन गुणांचा विचार करावा, चुलीचा नव्हे. यास उत्तर असे की, कोणास वाक्याच्या कर्तेपदी ठेवावे, कोणास अधिकरणात ढकलावे आणि कोणास मुळीच उच्चारू नये, ही गद्यशैलीची प्राथमिक निवड आहे. कर्व्यांचे गद्य संयत आहे आणि कोसंबींचे निष्कपट आहे, असे म्हणताना समीक्षक याच निवडींच्या परिणामाचे वर्णन करीत असतो. परिणामाचा विचार वाङ्मयीन आणि त्याच्या कारणाचा मात्र अवाङ्मयीन, असा भेद टिकणारा नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमेची बाजू उकरून काढली की थोर पुरुषांचे कर्तृत्व उणे होते, आणि आजचे मूल्य कालच्या लेखकावर लादले जाते. या आक्षेपातील इशारा मान्य केलाच पाहिजे. १९१५ च्या लेखकाने १९७८ च्या लेखकासारखे लिहिले नाही म्हणून त्यास दोष देणे अनैतिहासिक होईल. त्या काळी घरच्या स्त्रीचा नावानिशी व कामानिशी उल्लेख न करणे हा शिष्टाचार होता, आणि अन्नदानाचा गाजावाजा न करणे हा दात्याचाही धर्म समजला जाई. लेखकाच्या मौनास अशी कारणे होती. समीक्षेच्या मौनास ती नाहीत. ‘माझे पुराण’ १९४४ पासून उपलब्ध आहे. ते ‘आत्मवृत्ता’शेजारी ठेवण्यास कोणत्याही शिष्टाचाराची आडकाठी नव्हती. शिवाय, ऋण मान्य केल्याने कर्तृत्व उणे होत नाही याचे प्रमाण ‘निवेदन’च देते. ज्या आत्मकथनात मदत करणारांची सर्वाधिक नावे आहेत, तेच सर्वाधिक धाडसाचे वाटते.

८

या प्रश्नाचे महत्त्व ग्रंथांपुरते मर्यादित नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी पुण्यास येणारा विद्यार्थी आजही तोच हिशेब मांडतो. घरी वार लावण्याची पद्धत गेली. तिच्या जागी महिन्याचा डबा आला, कॉट बेसिसवर भाड्याची खाट आली, अभ्यासिकेची फी आली. आश्रयाचे बिलात रूपांतर झाले. यात एक न्याय आहे : बिल भरणाऱ्यास पंगतीत त्याची जात विचारून उठवता येत नाही, निदान उघडपणे येत नाही. यात एक अन्यायही आहे : ज्याच्या घरातून बिलाचे पैसे येतात ते घर अनेकदा कोरडवाहू शेतीवर किंवा आईच्या रोजंदारीवर उभे असते, आणि ते मागेच राहते. अशा विद्यार्थ्यासमोर जेव्हा पूर्वसूरींची आत्मचरित्रे ठेवली जातात आणि जिद्द असेल तर पैसा आड येत नाही असा बोध केला जातो, तेव्हा परत गावी गेलेल्या प्रत्येकास आपल्यात जिद्द कमी होती असा निष्कर्ष काढणे भाग पडते. अर्धा वाचलेला जमाखर्च असा अर्धाच निष्कर्ष देतो, आणि त्याची झळ ज्यांस लागते ते बहुधा समीक्षा लिहीत नाहीत.

म्हणून अशा आत्मकथनांच्या अभ्यासात पुढील गोष्टी नियमाने तपासल्या जाव्यात. निवेदक कोणाकडे उतरला, आणि त्यास ‘कडे’ म्हणण्याजोगे कोणी का होते? अन्न कोणी शिजवले, आणि ती व्यक्ती कोणत्याही वाक्याची कर्ती होते काय? मागे कोण राहिले, आणि त्यांच्या राहण्याचा खर्च कोणत्या वहीत आहे? त्याच शहरात, त्याच काळी, तितकेच पैसे जवळ असलेल्या दुसऱ्या जातीच्या माणसास किंवा स्त्रीस तो मार्ग खुला होता काय? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ग्रंथात मिळतीलच असे नाही. परंतु जेथे ती मिळत नाहीत तेथील रिकामी जागा हीसुद्धा ग्रंथाची रचना आहे, आणि तिची नोंद घेतल्यावाचून साधेपणा, त्याग व जिद्द हे तीन शब्द यापुढे वापरले जाऊ नयेत.